तुझ्या आईनं अर्जासोबत जोडलेलं पत्र

प्रिय बुटके,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन कायम तुझ्या आईच्या उशाशी असतो आणि तिच्यासमोर हे बोलणं मला जमायचं नाही. म्हणून कागद घेतला.

आत्या गेली त्याला पाच महिने झाले. पलंग दवाखान्याला देऊन टाकला. त्यानंतर आईला काही सुचेना. दर दोन तासांनी उठायची, आत्याच्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. मग एके दिवशी तिनं पेपरातली एक जाहिरात कात्रीनं कापून ठेवली. शहराबाहेरच्या शुश्रूषा केंद्राला नव्या मदतनिसांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं कसं करायचं ते. खाली लिहिलं होतं, अनुभव आवश्यक, अर्जासोबत स्वतःविषयी पत्र जोडावे. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. म्हटलं, अगं, तू आठवी पास, त्यांना प्रमाणपत्रं लागतील. ती म्हणाली, त्यांनी अनुभव मागितलाय.

माझी एकतीस वर्षं कारखान्यात नोकरभरतीच्या टेबलावर गेली, हे तू जाणतेसच. हजारो अर्ज फोडले. झाडून सगळी माणसं कष्टाळू, प्रामाणिक आणि पडेल ती जबाबदारी पेलायला तयार. निवृत्त झाल्यावर बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांचे अर्ज मीच लिहून दिले. अर्जवाले काका हेच माझं नाव पडलंय. म्हणून मोठ्या ऐटीत म्हटलं, आण इकडे, मी लिहून देतो. तिनं मान हलवली. म्हणाली, तुम्ही फक्त ऱ्हस्वदीर्घ बघा.

तीन दिवस ती जेवणाच्या टेबलाशी बसून लिहीत होती. चौथ्या दिवशी दोन पानं माझ्यापुढे ठेवून कपडे वाळत घालायला गेली. मी लाल पेन उघडून बसलो.

पहिलंच वाक्य असं होतं: ‘मी माझ्या नणंदेला नऊ वर्षं सांभाळलं; त्यांची वाचा आणि उजवी बाजू गेली होती, पण नऊ वर्षांत त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही.’ पुढे ते कसं केलं ते होतं. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची. चादर कुठल्या बाजूनं ओढली की सुरकुती राहत नाही. घास उतरला की नाही, हे गळ्यावर दोन बोटं ठेवून कसं कळतं. हो म्हणायला पापणी एकदा मिटायची, नाही म्हणायला दोनदा, आणि ‘मला जरा एकटं राहू दे’ म्हणायला डोळे भिंतीकडे न्यायचे. एवढं ठरायला दोघींना चार महिने लागले होते. स्वतःची चूकही तिनं लिहिली होती. पहिल्या वर्षी घाईनं पाणी पाजताना आत्याला ठसका लागला आणि जीव घाबरा झाला, तेव्हापासून मान पुढे झुकवल्याशिवाय तिनं चमचा उचलला नाही. शेवटी होतं: ‘तुमच्याकडे नवीन येणाऱ्या मुली घाबरतील. मीही घाबरले होते. त्यांना काय सांगायचं ते मला माहीत आहे.’

बुटके, मी त्याच घरात राहत होतो गं. रोज सकाळी बहिणीजवळ बसून पेपर वाचून दाखवायचो. ती डोळे भिंतीकडे न्यायची तेव्हा मला वाटायचं, हिला ऐकू येत नाहीये, म्हणून मी आणखी मोठ्यानं वाचायचो. भिंतीच्या पलीकडे एवढं मोठं काम नऊ वर्षं चाललं होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. जिच्याशी चौतीस वर्षं संसार केला, ती कोण आहे हे मला तिच्या नोकरीच्या अर्जातून कळलं. ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका होत्या. पेन कागदाला टेकवायची माझी छाती झाली नाही.

आठवड्यानं केंद्राच्या प्रमुख बाईंचा फोन आला, तोही मला. ओळख देणाऱ्याच्या रकान्यात आईनं लिहिलं होतं, ‘ज्यांना सांभाळलं त्या आता नाहीत, त्यांच्या भावाला विचारा.’ बाईंनी विचारलं, पत्रातलं सगळं खरं आहे का? मी म्हटलं, अक्षरन्‌अक्षर खरं आहे, पण मलाही ते पत्रातूनच कळलंय. त्या म्हणाल्या, त्यांना भेटायला पाठवा. काल आई केंद्रात जाऊन आली. तिथल्या एका आजोबांना कुशीवर वळवून दाखवा म्हणाले. प्रमुख बाई मला नंतर सांगत होत्या की तिनं आधी आजोबांना विचारलं, त्यांनी होकार दिल्यावरच हात लावला, आणि खोलीतल्या सगळ्या जणी बघत राहिल्या. सोमवारपासून ती रुजू होतेय. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाली, घेतलं त्यांनी, आणि कुकर लावायला गेली.

आता हे सगळं तुला का लिहितोय ते सांगतो. शिक्षिकेच्या नव्या नोकरीसाठीचा तुझा अर्ज तपासायला पाठवलास त्याला दहा दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही. मी तो वाचला. पहिल्या ओळीपासून माझाच साचा आहे. मीच शिकवलाय, दोष तुझा नाही. मी तो आईच्या हातात दिला. तिनं दोनदा वाचला आणि विचारलं, ह्यात आपली पोर कुठेय? म्हणाली, वर्गात सहा महिने तोंड न उघडणाऱ्या त्या मुलीला हिनं फळा पुसायचं काम देऊन हळूहळू बोलतं केलं, ते का नाही लिहिलं? ती गोष्ट तू मलाही फोनवर सांगितली होतीस. मी ‘हं’ म्हटल्याचं तेवढं आठवतंय. रविवारी सकाळी आई तुला फोन करेल. कागद घेऊन बस आणि ती जे विचारेल ते सांगत जा. मी शेजारी बसेन, मधे एक शब्द बोलणार नाही. तू तिथे काय काय करतेस, ते मला ऐकायचंय.

उशिरा का होईना, शिकू लागलेला, तुझाच
बाबा