जाड तारेचा खटका

१० जून, मंगळवार

कान किटले. दुपारपासून शेजारच्या खोलीत टुंग, टुंग, टुंग. गाणं नाही, नुसती गाण्याआधीची कटकट. नात गिटार जुळवतेय म्हणे. एक गाणं वाजवायचं, पुढच्यासाठी जाड तारेचा सूर उतरवत बसायचं, मग परत चढवायचा. एवढ्यात मी सायकलच्या वाकड्या चाकाचा आऊट काढून, हात धुऊन चहा प्याले असते.

सून म्हणते, आई, तुम्ही लक्ष देऊ नका. लक्ष देतंय कोण?

मी गिटारच्या भानगडीत पडणार नाही. लिहूनच ठेवते.

११ जून, बुधवार

पडावं लागलं.

शनिवारी हॉलमध्ये नातीच्या बँडचा कार्यक्रम. यांच्यातला तो ड्रमवाला, अंगापेक्षा केस जास्त, नातीला म्हणाला, परत दोन गाण्यांच्या मधे लोकांना ताटकळत ठेवलंस तर तुझ्या जागी माझी मावसबहीण. पोरगी मुळूमुळू रडत होती. म्हटलं, नाक पूस आणि काय ते दाखव.

पार्सलने एक खटका मागवलाय तिने. गिटारच्या डोक्यावर सहा खुंट्या. जाड तारेची खुंटी काढायची, तिथे हा खटका असलेली नवी बसवायची. खटका खाली केला की तार ढिली, सूर खाली. वर केला की तार होती तशी. म्हणजे ब्रेक! यात गिटारचं काय आलं? पण गिटारच्या दुकानातला शहाणा म्हणाला, पुढच्या आठवड्यात या, हाताशी काम फार आहे. त्याच्या हाताशी मी नेहमी फोनच पाहिलाय.

ह्यांच्यामागे सायकलचं दुकान मी एकटीने ओढलं. चौथीत शाळा सुटली, पण मी आवळलेला नट कोणाच्या बापाला सुटला नाही. खटका मी बसवणार.

मुलगा म्हणाला, आई, ती सायकल नाही. ज्याला या वयात पंक्चर काढता येत नाही त्याने मत देऊ नये.

१२ जून, गुरुवार

मुलाने माळ्यावरून माझा जुना स्क्रूड्रायव्हर काढून दिला. आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला. मुलगा.

खटक्यासोबत एक कागद आलाय. बारीक इंग्रजी आणि चित्रं. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी असतो तो. कपाटाचं दार खडखडतं, तिथे दुमडून लावला.

जुनी खुंटी निघाली. नवीला भोक जरा लहान पडलं. कानस मारली. नात डोळे मिटून आजी हळू, आजी हळू. चिमूटभर भुसा पडला तर कोणी मेल्यासारखी ओरडली. बसला खटका.

१३ जून, शुक्रवार

खटक्याच्या बुडाशी एक स्क्रू आहे, तो जरा हलतो. नात म्हणते, त्याला हलू दे, कागदावर तसं लिहिलंय. कागद लिहिणाऱ्याने कधी उतारावर ब्रेक लावलाय का? हलणारा स्क्रू म्हणजे दवाखाना. ती आंघोळीला गेल्यावर लाल डिंक लावला. ब्रेकच्या स्क्रूंना लावायचे तोच. सावकाश धरतो, पण धरला की दगड. एकच थेंब. जरा ओघळला, पुसला. बराचसा.

मग तिने करून पाहिलं. खाली, वर, खाली, वर. एका टिचकीचं काम! मिठी मारायला आली. हात तेलकट होते म्हणून लांब ठेवली.

खटका खाली करून गिटार पिशवीत घातली. ब्रेक कोणी रात्रभर आवळून ठेवत नाही.

१४ जून, शनिवार, दुपार

मी कार्यक्रमाला जात नाहीये, खटका बघायला जातेय. मधे गाणी आली तर इलाज नाही. त्या दुकानातल्या शहाण्यालाही निरोप धाडलाय, पुढे येऊन बस. चार गोष्टी शिकेल.

१५ जून, रविवार

हॉल चांगला होता. पंखे होते.

पहिल्या गाण्याआधी नात खटका वर करायला गेली. झाला नाही. ड्रमवाल्याने ओढला. त्याच्या अंगात जोर कुठला? दोघं मिळून खुंटी पिळायला गेली तर तीही दगड. डिंक आतपर्यंत गेला असावा. हलका माल. लोक ताटकळले. पोरीने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मीही डोळे वटारले असते. तसं पाहिलं नाही.

मग तिने कोणाकडून तरी पक्कड घेतली आणि जाड तार कापून टाकली. उरलेल्या पाचांवर सगळी गाणी वाजवली, एकामागून एक, मधे टुंगसुद्धा नाही. शेजारच्या बाईला विचारलं, काही कमी वाटलं का. म्हणाली, छे हो, आज लवकर आटपलं.

ड्रमवाला नातीला म्हणाला, अशीच वाजवत जा, जागा तुझीच.

म्हणजे थांबणं बंद झालं. कोणामुळे? खटक्यामुळे. फक्त त्याला आता तार नाही. आणि तो काढता येत नाही.

आत्ता बेल वाजली. गिटारच्या दुकानातला शहाणा आलाय, रविवारचा, भिंग घेऊन. बाहेर बसून विचारतोय, हा लाल डिंक कोणी ओतला? नात माझं नाव घेत नाहीये. मूर्ख पोरगी. सून दारात येऊन विचारते, आई, काय सांगू?

मी झोपलेय. स्क्रूड्रायव्हर माळ्यावरून मुलाने काढून दिला. त्यालाच पुढे करा, उत्तर त्याने द्यायचं.