मास्तरबाबाचा वटा

सर, तुमच्या वट्यावरून रोलर फिरला, आणि तो माझ्या लिहिण्यामुळे फिरला असं आई म्हणते. तुम्ही त्याला माऊंड म्हणायचात. बेसबॉलमध्ये पिचर जिथे उभी राहून चेंडू टाकते तो मातीचा उंचवटा. घमेल्यांनी मुरूम आणि काळी माती वाहून आम्ही पोरींनी तो तुमच्याबरोबर रचला होता. त्याचं पुढे काय झालं ते सांगते, पण क्रमाने. तुमच्याकडे क्रम ठरलेला होता, आधी राज्य, मग गाव, मग खेळ.

तुम्ही वारलात तेव्हा मी बारावीला होते आणि आपला जिल्हा नगर होता. आता कागदावर तो अहिल्यानगर आहे, एसटीच्या पाट्या बदलल्यात, कंडक्टर मात्र अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. तुमच्या वेळचे पक्ष मोजके आणि ओळखीचे होते. नंतर एकाचे दोन झाले, मग दुसऱ्याचेही दोन झाले, आणि नाव कोणाचं, चिन्ह कोणाचं यावर कोर्टात तारखा पडत राहिल्या. मी कॉलमात लिहिलं होतं की इनिंग चालू असताना निम्मी बॅटिंग टीम जाऊन फिल्डिंगला उभी राहिली आणि लोक अजून जुन्या जर्सीचा रंग बघून टाळ्या वाजवताहेत. संपादकांनी ते जसंच्या तसं घेतलं आणि शेजारी क्रिकेटपटूचं चित्र छापलं. हो सर, मी आता कॉलम लिहिते. पदवी झाली, घरातली पहिलीच. नगरच्या एका छोट्या दैनिकात काम करते, भिंगारला खोली घेऊन राहते. कॉलम रविवारी येतो. वर राज्याचं राजकारण, मध्ये तालुक्याच्या बातम्या, खाली बेसबॉल. पाथर्डीच्या स्टँडवर एक काका भेटले होते. म्हणाले, "ताई, राजकारण झ्याक लिहिता. पन खाली ते लाकडाच्या दांडक्याचं काय असतंय?" मी विचारलं, वाचता का? म्हणाले, "तेवढं आलं की मी च्या सांगतो."

ही तीन मजल्यांची मांडणी माझी नाही हे तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. अजून डोळ्यांसमोर आहे, सकाळची एसटी येते, ड्रायव्हर पेपरचा गठ्ठा फाट्यावर टाकतो, तुम्ही सायकलवरून एक पेपर घेऊन मैदानावर येता. आम्ही ग्लोव्ह डोक्याखाली घेऊन पसरलेल्या. तुम्ही राज्याचं पान वाचता, मग तालुक्याचं, आणि प्रत्येकीने एका बातमीवर स्वतःचं मत सांगितल्याशिवाय बॅट हातात देत नाही. "हे तुझं मत का तुझ्या वडिलांचं?" हा तुमचा ठरलेला प्रश्न. वडिलांचं असेल तर ती बाहेर बसते. एकदा मी उठून सांगते की सर, आमच्या वस्तीवर पाण्याची योजना आली. तुम्ही चष्म्यावरून बघता. "पाणी पाहिलंस?" मी म्हणते, बोर्ड पाहिला सर, अभिनंदनाचा. "मग काय आलं?" पोरी हसायला लागतात. मी म्हणते, बोर्ड आला. "तेवढंच सांग मग. आणि पळत जा, टाकीत वाकून बघून ये." मी गेले, बघून आले. टाकीत बाभळीचा पाला होता. दुसऱ्या दिवशी आपली कॅचर, पिचरचे चेंडू झेलणारी, उभी राहिली आणि गंभीर तोंड करून म्हणाली, "सर, वस्तीवर पाला आला." त्या दिवशी तुम्ही तिला सगळ्यांच्या आधी बॅटिंग दिलीत.

आणि तो ग्लोव्ह. मी डावखुरी, चेंडू डाव्या हाताने फेकणार, म्हणजे ग्लोव्ह उजव्या हाताला हवा, आणि शाळेत असलेले सगळे डाव्या हाताचे. जेवताना डावा हात पुढे आला की आई चापट मारायची, त्यामुळे मला वाटायचं की चूक हाताचीच आहे. तुम्ही भिंगारच्या बाजारात, लष्करातल्या लोकांचे बूट शिवणाऱ्या एका कारागिराकडे बसून माझ्या हाताचा ग्लोव्ह शिवून घेतलात. कालच्या पेपरात गुंडाळून दिलात आणि म्हणालात, "आधी वरचा पेपर वाच, मग उघड." आईला निरोप धाडलात की पोरगी जेवू दे हव्या त्या हाताने. आईने तो निरोप ऐकून घेतला आणि म्हणाली, "मास्तर लई शिकल्यालं हाय, पन पंगतीला बसल्यालं दिसत न्हाई."

आता गाव. तुम्ही गेलात ती दिवाळीची सुट्टी होती. आम्ही टीमने माऊंडवर झेंडूची फुलं ठेवली. ऊसतोडीचे ट्रक मैदानाच्या कडेलाच भरतात हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याच आठवड्यात टोळ्या निघत होत्या. बायकांनी फुलं पाहिली, कोणीतरी तिथे नारळ फोडला. त्या हंगामात माझ्या आईच्या टोळीची ट्रॉली घाटात उलटली आणि कोणाला खरचटलंही नाही. झालं. पुढच्या वर्षी सगळ्या टोळ्यांनी नारळ फोडले. त्याच्या पुढच्या वर्षी पिचरच्या पायाखालची ती पांढरी पट्टी शेंदराने माखली. मग नाव पडलं, मास्तरबाबा. आपली कॅचर आता त्याच शाळेत तासिकेवर खेळ शिकवते. ती सरावाआधी बादलीभर पाण्याने पट्टी धुते. तुम्ही हे वाचून डोक्याला हात लावाल. मीही लावला होता, पण आईसुद्धा तिथेच नारळ फोडते, म्हणून कॉलमात त्यावर लिहिलं नाही.

यंदा जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आपल्या मैदानावर ठरल्या. नगरच्या माणसाला हे छोटं वाटेल. आपल्याकडे याचा अर्थ असा, की संघातल्या पोरींचे आईबाप म्हणाले, स्पर्धा इथंच हाय तर राहू द्या पोरीला आजीजवळ. स्पर्धा दुसरीकडे गेली तर पोरी ट्रकमध्ये, आणि एकदा ट्रकमध्ये बसलेली पोरगी हंगाम संपल्यावर शाळेत परत येतेच असं नाही. म्हणून मैदान वाचणं म्हणजे त्या पोरी वाचणं, इतकं ते सरळ होतं. आणि नेमक्या निवडणुका लागल्या. एका मोठ्या नेत्याची सभा ठरली आणि त्यांचं हेलिकॉप्टर उतरायला शाळेचं मैदान निवडलं. माऊंड सपाट झाला की स्पर्धा दुसरीकडे जाणार हे उघड होतं. रोलर आला. ड्रायव्हरने सगळं मैदान दाबलं, माऊंडपाशी आला आणि इंजिन बंद करून खाली उतरला. "इथं रोलर घालायचा न्हाई. मास्तरबाबा हाय." कार्यकर्ता म्हणाला, कोण मास्तरबाबा? ड्रायव्हर म्हणाला, "मला काय ठावं. पन शेंदूर हाय."

कॅचरचा मला फोन आला. "जागृत देवस्थान म्हणून लिही. पुढारी स्वतः नारळ घेऊन येत्यात का न्हाई बघ. हेलिकॉप्टर दुसरीकडं उतरंल, मैदान वाचंल, पोरी वाचत्याल. तुझं काय जातंय?" संपादकांना तर मी सांगायच्या आधीच कळलं होतं. "पहिल्या पानावर घेतो. भाविकांच्या भावना. तू फक्त आख्यायिका दे थोडी." मी दुपारच्या एसटीने गावी गेले. माऊंडजवळ कॅचर पोरींचा सराव घेत होती, पण पिचर माऊंडवर नव्हती, बाजूला सपाटीवर उभी राहून चेंडू टाकत होती. मी विचारलं, वर का नाही? पोरगी खाली बघायला लागली. कॅचर हळूच म्हणाली, "तिला पाळी आलीय. म्हाताऱ्या ओरडत्यात, वट्यावर चढू नको म्हनून." मी म्हटलं, आणि तू ऐकून घेतेस? ती म्हणाली, "मी एकटी किती जणींशी भांडू?"

सर, तिथेच ठरलं. देवस्थान म्हणून माऊंड वाचला असता. पुढच्या वर्षी त्यावर पत्रा आला असता, मग जाळी, मग तिथून चेंडू टाकणं हाच अपराध झाला असता. मी त्या संध्याकाळी लिहिलं की हा पिचरचा माऊंड आहे, एका शिक्षकाने आणि त्याच्या विद्यार्थिनींनी हाताने रचलेला. यात देव नाही. इथे मुली स्पर्धा खेळणार आहेत, म्हणून हेलिकॉप्टर दुसरीकडे उतरवा. संपादकांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "छापतो. पण आतल्या पानावर. आणि वाईट वाटून घेऊ नकोस, काय होईल ते मला दिसतंय." मलाही दिसायला हवं होतं. सकाळी कार्यकर्त्याने पेपर ड्रायव्हरसमोर धरला. "वाच. पेपरातच आलंय, देव न्हाई म्हनून." पुढचं वाक्य त्याने वाचून दाखवलं नाही. रोलर फिरला. वर चुन्याने मोठा गोल काढला, त्यात इंग्रजी एच.

आणि हेलिकॉप्टर आलंच नाही. सभेच्या आदल्या दिवशी नेत्यांनी पक्ष बदलला. नव्या पक्षाचा उमेदवार वेगळा, त्याचं गाव वेगळं, सभा तिकडे गेली. राज्य, गाव आणि खेळ अशी एकच बातमी मला पहिल्यांदाच लिहायला मिळाली, आणि लिहिताना जरासुद्धा आनंद झाला नाही.

घरी आई चुलीपुढे होती. भाकरी थापत राहिली. मी शेजारी बसून पीठ मळायला घेतलं. तव्याकडे बघतच ती म्हणाली, "त्यात मास्तर न्हाईत, हे मला कळत न्हवतं व्हय? मेलेला मानूस मातीत ऱ्हात न्हाई. पन आमी सा म्हैनं जातो. जाताना कुनाला तरी सांगून जावं वाटतं. आता कुनाला सांगायचं?" भाकरी उलटली, फुगली, उतरली. मग मी म्हटलं, मला सांगून जा. मी पेपरात छापते. "आमी काय पुढारी हाय का?" मी म्हटलं, कोणत्या गावातून कोणती टोळी कुठे गेली, ते छापते. आलात की आलात ते छापते. आई हसली, आधी हसते आणि मग गंभीर होते तशी. "आन् न्हाई आलो तर?" मी म्हटलं, तर तेही. का आला नाहीत तेही, आणि कोणामुळे तेही.

संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "मजूर गेले ही काय बातमी? दरवर्षी जातात." मी म्हटलं, दरवर्षी जातात आणि आपण एकदाही छापलं नाही, ही बातमी आहे. "जागा कुठाय? बेसबॉल काढतेस?" नाही, राज्याचं कमी करते. तिथे तीच माणसं फिरून फिरून पक्ष बदलतात, थोडक्यात आवरेल. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "कर. आलेल्या फोनना मात्र तूच उत्तर द्यायचं."

माऊंड आम्ही स्पर्धेआधी परत उभा केला. मी रजा घेतली, जुन्या टीममधल्या जवळच्या गावांत दिलेल्या पोरी आल्या, एकीच्या कडेवर मूल होतं. रोलरमुळे बाकीचं मैदान इतकं सपाट झालंय की चेंडू पहिल्यांदाच सरळ येतो, हे मान्य करायला हवं. मातीला पाणी लागत होतं. ज्या म्हातारीने पोरीला हटकलं होतं तीच दोन कळशा घेऊन आली आणि लांब उभी राहिली. "ह्यो चेंडूचाच वटा व्हय?" कॅचर म्हणाली, चेंडूचाच, आजी. "मंग पानी वतलं तर चालंल ना?" ओता, म्हणाली. म्हातारीने कळशी ओतली, आणि ज्या पोरीला तिने खाली उतरवलं होतं तिलाच म्हणाली, "चढ आता, पायानं दाब. मऊ हाय तंवर दाब." पोरगी चढली. स्पर्धा झाली. आपण उपान्त्य फेरीत संगमनेरकडून हरलो, सपशेल हरलो, पण संघातली एकही पोरगी ट्रकमध्ये बसली नाही. पहिल्या टोळ्यांची नावं गेल्या रविवारी छापून आली. फोन आले. टोळी नेणाऱ्या एका मुकादमाने शिव्या दिल्या. एका बाईने विचारलं, आमच्या वस्तीचं कधी येणार.

आईची टोळी कालच निघाली. ट्रक मैदानाच्या कडेला भरला. आईने या वेळी नारळ आणला नव्हता. मला म्हणाली, "लिवून घेतलं का?" घेतलं म्हटलं. ट्रक फाट्याकडे वळेपर्यंत मी माऊंडजवळ उभी होते. सगळं माझ्याच हाताने छापलं होतं, यात देव नाही, यात कोणी नाही. तरी ट्रक दिसेनासा होताना मी मनात म्हणाले, लक्ष ठेवा. कोणाला म्हणाले ते या रविवारच्या कॉलमात येणार नाही, आणि हे पत्रही कुठे जाणार नाही.