क-७ चा अहवाल

३ जुलै, सोमवार, सकाळी ९.१०
शाळेची मानसशास्त्रज्ञ म्हणून मुलांच्या अहवालांसाठी मी एआय वापरणार, पण नीतीने. तीन नियम भिंतीवर लावले. एक : मुलाची ओळख यंत्राला कळू द्यायची नाही. दोन : पूर्वग्रह नको. तीन : शेवटचा निर्णय माणसाचा. नियम यंत्राने लिहिले. तपासले मी. स्वल्पविराम माझे.

४ जुलै
चौथीतली मुलगी. घरी बोलते, शाळेत अवाक्षर नाही. शुक्रवारच्या बैठकीत माझ्या अहवालावरून ठरणार : इथेच राहायचं की विशेष शाळेत जायचं. तिला संकेतांक दिला, क-७. मुख्याध्यापिका म्हणाल्या, एकदा भेटून तरी घ्या तिला. मी म्हटलं, भेटलं की पूर्वग्रह होतो. त्या बराच वेळ बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

५ जुलै, दुपारी १.०५
गोपनीयतेसाठी संकेतांकांची यादी फाडली. क-७ कोण, हे लक्षात आहे. असावं.
मधल्या सुट्टीत माझ्या दाराबाहेरच्या बाकावर कुणीतरी मुलगी येऊन बसते. लक्ष विचलित होतं. खाली जा म्हटलं. गेली.

६ जुलै
दोन मुलांचे अहवाल तयार, क-४ आणि क-७. न बोलणारीचा कोणता, हे आठवेना; यंत्राला विचारलं. त्याने नम्रपणे कळवलं की ओळख पटेल असं सगळं माझ्याच सूचनेवरून काढलंय. नियम चोख पाळला गेला. निर्णय माणसाचा, म्हणून न उघडता जाडसर अहवाल निवडला.
बाकावरची मुलगी परत. परत खाली पाठवली.

७ जुलै, शुक्रवार
बैठकीत अहवाल मोठ्याने वाचला. ‘विद्यार्थी वर्गात अखंड बोलतो, इतरांना बोलू देत नाही.’ मुलीच्या आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मीही पाहिलं. बाकावरची.
मुख्याध्यापिकांनी तिला विचारलं, हे तुझ्याबद्दल आहे का?
“नाही. या बाई मला ओळखतच नाहीत. मी भेटायला आले की खाली पाठवतात.”
आई रडायला लागली. मुलगी इथेच राहणार, असं ठरलं.
शाळेतली तिची पहिली तीन वाक्यं. माझ्याच उपस्थितीत. पद्धत यशस्वी.

१० जुलै, सोमवार
मुख्याध्यापिकांचा आदेश : बाक माझ्या खोलीत. रोज अर्धा तास मुलीसोबत बसायचं, यंत्र बंद ठेवून. आज दोघी बसलो. तीस मिनिटं. ती माझ्याशी बोलली नाही.
जाताना दारात शिपाई मावशींशी दहा मिनिटं बोलली. विषय : मी.