तीर्थातले थेंब

ठाकुर्ली, ३ जून २०२४
बऱ्याच महिन्यांनी लिहिते आहे. रोजनिशी, माफ कर. कोपरीचं घर बंद करून कालपासून मी हर्षितकडे राहायला आले. माझ्या दिवंगत बहिणीचा हा मुलगा. त्याचे वडील, श्रीपाद भावोजी, जहाजावर नोकरीला; ते परत निघाले. घर वरच्या मजल्यावर, वारा भरपूर. हर्षितने बॅगा उचलल्या, वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं, बरण्या बघून चिडवलं, ‘मावशी, इथे लोणच्याचं दुकान काढतेस की काय?’

त्याला भिंतीपलीकडून आपल्याविषयी बोलणारी माणसं ऐकू येतात. नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजार नुकताच सुरू झालाय, आत्ता नेमाने औषध घेतलं तर मुलगा कॉलेजला परत जाईल. रोज थेंब द्यायचे. जमेल मला.

११ जून
थेंब घेत नाही. जेवणही आधी हुंगून बघतो. सकाळचं पूजेचं तीर्थ मात्र आपणहून हात पुढे करून घेतो. त्याच्या आईने लावलेली सवय. औषधाला रंग नाही, वास नाही. भावोजींना फोन केला. म्हणाले, घाल, देव समजून घेईल. आज पळीत घातले. ही फसवणूक आहे का? आहे.

२ जुलै
दाढी करतो, पेपर वाचतो. औषध लागू पडतंय.

आज डॉक्टरीणबाईंना त्याने सरळ सांगितलं की मावशी तीर्थात काहीतरी घालते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, छे. त्यांनी त्याला मायेने समजावलं की असा संशय हाही आजाराचाच भाग, आणि थेंब वाढवून दिले. रिक्षात त्याने माझी माफी मागितली.

९ जुलै
आता तो सगळं मला विचारून खात्री करतो. बेल खरंच वाजली का? कोणी हाक मारली का? मी सांगेन ते खरं.

पळीवर त्याची नजर असते, म्हणून थेंब आता तीर्थाच्या भांड्यातच घालते. आज म्हणाला, मावशी, आधी तू घे. तीर्थाला नाही म्हणता येत नाही. घेतलं.

१२ जुलै
रोज आधी मी, मग तो. जबडा जड. दूध उतू जाताना बघत उभी राहिले. वाईट वाटलं नाही. बाईंना फोन करायला हवा — काय सांगू?

१५ जुलै
बाकीचे आवाज गेले, म्हणाला. एकच उरलाय. तो सांगतो, मावशी खोटं बोलते. हर्षित त्याला सांगतो, नाही, माझी मावशी खोटं बोलत नाही. औषधाने खोटे आवाज गेले. खरं बोलणारा —

१६ जुलै
तीर्थाला आला नाही. दार आतून लावलेलं. आत माझ्या बाजूने भांडत होता. ओरडून. मग शांतपणे म्हणाला, पटलं.

कोणाचं पटलं ते विचारलं नाही. भीती वाटायला हवी. वाटत नाही —

उद्या : हर्षितला खरं सां