पाहुण्यांच्या पिशव्या

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय चिमणे,

आशीर्वाद. तुझा खोकला थांबला का? इथे सगळे मजेत. अक्षर वाकडं दिसेल, पेन खराब आहे.

लग्न पंधरवड्यावर आलं आणि घराचं गोदाम झालंय. पाहुण्यांना द्यायच्या पितळी डब्यांनी पलंग अडवला, म्हणून तुझे भावजी जमिनीवर झोपतात. हॉलवाल्याने खुर्च्यांचे वेगळे पैसे लावले. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे अंथरूणच उरलं नाही.

डब्यांच्या पिशव्या घरीच शिवायच्या ठरवल्या. जन्म शिवणकामात गेला, पिशवी ती काय! पण निम्म्याच झाल्यात. उरलेलं कापड कापून सोबतच्या पार्सलात घातलंय, तेवढ्या शिवून आण. इतर कामं फार आहेत, म्हणून.

परवा विहीणबाई आल्या होत्या. बाई गोड आहेत, पण रीतीभातींना पक्क्या. त्यांच्याकडे म्हणे मुलीची आई दारात उभी राहून प्रत्येक पाहुण्याच्या हातात भेट स्वतः देते. मी हसून हो म्हटलं. चहा आणायला उठले, तर लेकीने ट्रे माझ्या हातून काढून घेतला. म्हणाली, "आई, तू बस." तिला काय दिसलं असेल, तेव्हापासून जिवाला घोर आहे.

चिमणे, पेन चांगलं आहे. माझा उजवा हात थरथरतो. वर्ष होत आलं. सुईत दोरा जात नाही, शिवण सरळ येत नाही. गिऱ्हाइकांना लग्नाची सबब सांगून परत पाठवते. डॉक्टरांनी आपल्या आईचं विचारलं. तिला शेवटी आपण दोघी भरवायचो, ते सांगितलं. ते म्हणाले, हे घराण्यात उतरत आलेलं असू शकतं. भावजींनाही मी बोलले नाही. फोनवर सांगावं तर घरात कान फार.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, कळतं मला. पण सांगितलं आणि लग्न मोडलं तर? नाही सांगितलं आणि उद्या सासरी तिचाच हात थरथरला, तर ती मला काय म्हणेल? फार भीती वाटते गं. लेकीला लग्नाआधी सांगायचंच, एवढं ठरवलंय. पुढे सासरी काय बोलायचं ते तिचं ती ठरवेल. तू लवकर ये, दोघी मिळून सांगू. एकटीला धीर होत नाही.

लग्न झालंच, तर दारात माझ्याशेजारी उभी राहा. मी नमस्कार करीन, भेटी तू दे. कोणी विचारलंच तर मावशीचा मान म्हणू.

हे सगळं लिहिताना तुझे हात धड आहेत, असं मी धरूनच चालले. पण वर्षभरात तुझं एकही पत्र नाही, नुसते फोन. मला वाटायचं, आळशी झालीस. आता तसं वाटत नाही.

याचं उत्तर फोनवर देऊ नकोस. दोनच ओळी लिही, पण स्वतःच्या हाताने.

तुझ्या अक्षराची वाट पाहणारी,
ताई