माझ्याच हातच्या दाव्यावर आक्षेप घेण्याबाबत

ढाणकीहून

प्रिय लालसिंग,

तुला आणि सुखीवहिनींना नमस्कार. नांदेडला डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? पट्टी सुटली असेल तर हे पत्र स्वतः वाच. वहिनींना मोठ्याने वाचायला देऊ नकोस.

तू नांदेडला असताना तुमच्या तांड्यावर माझं भाषण झालं. विषय नेहमीचा, सॉफ्टवेअरची अघळपघळ पेटंटं. मी गरजलो, की या कंपन्या 'कसं केलं' ते सांगत नाहीत, 'काय होतं' एवढं लिहून सगळं शिवार कुंपणात घेतात. दाव्यात नेमकी रीत लिहिण्याची सक्ती हवी, मंजुरीआधी लोकांची जुनी वहिवाट तपासायला हवी. (टाळ्या पडल्या. आता त्या आठवल्या की कानशिलं तापतात.)

तेवढ्यात वहिनी कागद घेऊन उठल्या. "भाऊजी, हे नोटीस कोनाची हाये? आमच्या रंजितानं थ्रेशरचे नंबर मोबाइलवर सांगनं बंद करावं म्हनते. सोयाबीन कापून पडलं, लोकं मले इचारून राह्यले."

नोटीस माझ्या पुतण्याची, रजतची. मोबाइलवरून ट्रॅक्टरच्या पाळ्या लावण्याची त्याची युक्ती खरंच चांगली आहे, आणि त्याच्या पेटंटच्या अर्जात तेवढीच होती. दावा नजरेखालून घालायला त्याने माझ्याकडे दिला आणि माझ्यातला वक्ता उठला. 'ट्रॅक्टर'चं मी 'कोणतेही यंत्र' केलं, 'शेतकऱ्या'ची 'कोणतीही व्यक्ती', आणि शेवटी 'कोणत्याही साधनाने पाळी कळवणे'. (वाक्याला काय लय आली होती!) वकिलाने त्याचं इंग्रजी केलं. रेशनच्या दुकानापुढे चप्पल ठेवून नंबर लावणाराही आता त्यात सापडतो.

हे मी तिथेच कबूल केलं. वहिनी म्हणाल्या, "दोन घंटे चोराले शिव्या देल्ल्या, अन् चोर त माईकवरच हाये!" तांडा खदखदून हसला. रंजिता हसली नाही. तिने फोन बंद करून पदराआड ठेवला. अख्ख्या सभेत मला तेवढंच दिसलं.

तोंड लपवायला जागा शोधणारा,
मारोतराव

ता.क. पेटंट अजून मंजूर नाही, म्हणून नोटिशीला दात नाहीत. रंजिताला नंबर सांगणं सुरू करायला सांग. माझा फोन ती उचलत नाही. रजत अर्ज मागे घ्यायला तयार नाही, पण मंजुरीआधी कोणीही आक्षेप घेऊ शकतो. रंजिताचं काम त्याच्या अर्जाआधी दोन वर्षांपासून चालू आहे. तांड्याच्या ग्रुपवरचे तिचे जुने मेसेज जोड आणि आक्षेपावर सही कर.

आणखी एक. आक्षेपाचा मसुदा मीच लिहून सोबत पाठवला आहे. एकोणीस पानं झाली. सही करण्याआधी रंजिताला त्यातली सतरा कापू दे. पाचव्या पानावर मी जगातली सगळीच पेटंटं रद्द करायला लावली आहेत.