न वाचता केलेली सही

रिसाली, भिलाई
१८ डिसेंबर २०२५

ती. कौशल्याताईस,
विजूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? इथे थंडी चांगलीच पडली आहे. हिराने आवळ्याचा मुरंबा केला आहे, तिकडे येणारा कोणी भेटला की पाठवतो. रविवारपासून तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मुरंब्याचंच बोललो. तू विचारलंस, "विजू, तुले काही सांगाचं आहे काय?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो, म्हणून आज कागद घेतला.

ताई, आपल्या उन्नतीला अमेरिकेतल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. शनिवारी पहाटे मी फर्स्ट शिफ्टला निघायला बूट घालत होतो, तेवढ्यात आतून तिची किंकाळी आली. मला वाटलं, विंचू चावला. एक बूट पायात, एक हातात, असा धावलो. ती मोबाइल धरून आणि हिरा तिला धरून, मायलेकी दोघी रडत होत्या. पाच दिवस झाले, मी अजून ताळ्यावर आलेलो नाही.

"मंग नाही म्हण ना," असं तू म्हणशील. तिथेच गोम आहे. हा अर्ज म्हणजे आपलं साक्षगंध, साखरपुडाच समज. मुलगी नोव्हेंबर लागतानाच एका कॉलेजाला, फक्त एकाच, शब्द देते की तुम्ही घेतलंत तर मी तुमच्याकडेच येणार. त्यांनी हो म्हटलं की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. असा शब्द देणाऱ्यांना ते आधी पसंत करतात म्हणे, मार्चपर्यंत थांबलं तर गर्दीत कोण विचारतो! त्या करारावर मुलीची, शाळेतल्या मॅडमची आणि आईबापांपैकी एकाची सही लागते.

सही माझी आहे, ताई.

मी प्लांटात काय करतो, तुला ठाऊक आहे. मशीन बंद करून माणूस आत उतरण्याआधी परमिटवर माझी सही होते आणि स्विचला माझं कुलूप लागतं. एकतीस वर्षांत एक ओळ न वाचता मी सही केली नाही. ज्याने कुलूप घातलं त्यानेच काढायचं, हा नियम उन्नती लहानपणापासून ऐकते आहे. आणि या कागदावर मी चहा पिता पिता सही केली. का, ते लिहायला हात अडतो आहे. मला वाटलं, हिला कोण घेतंय!

पोटच्या पोरीबद्दल असं वाटलं. फार लाज वाटते.

त्याच्या आठच दिवस आधी, दिवाळीत, मी तुला शब्द दिला होता की उन्नती नागपूरला तुझ्याकडे राहून इंजिनिअरिंग करील. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. तू वरची खोली रंगवलीस, टेबल आणलंस. भाऊजी गेल्यापासून तुला फोनवर इतकं हसताना मी ऐकलं नव्हतं.

म्हणून मॅडमना विचारलं, यातून सुटका आहे का? त्या म्हणाल्या, खर्च झेपत नसेल तरच सोडतात, उगाच मोडलं तर शाळेचं नाव जातं आणि पुढच्या पोरांना भोगावं लागतं. खर्च तर बहुतेक सगळा कॉलेजच उचलतंय. तरीही मी 'झेपत नाही' असं पत्र लिहिलं. ते उन्नतीच्या हाती लागलं.

ती ओरडली नाही. "पप्पा, कुलूप तुमचं आहे. तुमीच काढू शकता," एवढंच म्हणाली.

मी म्हणालो, "पण तू मले आधी काहून नाही समजावून सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी सही केली असती काय? मार्च तक रुकती तो आप साफ मना कर देते. सगळे चान्स वाढतो म्हणून असा अर्ज करतात. मी त्याच्यासाठी नाही केला. मले माहीत होतं, तुमी सही मोडत नाही. मी कॉलेजले नाही बांधलं, पप्पा. तुमाले बांधलं."

सतरा वर्षांची पोर! मी तिला ओळखत नव्हतो आणि ती मला पुरतं ओळखून होती. राग आला, खूप आला. मग वाटलं, सरळ येऊन मागता येईल असा बाप मी असतो, तर तिला हे करावंच लागलं नसतं.

ते पत्र फाडलं. ऑगस्टमध्ये उन्नती जाईल. तुझी वरची खोली रिकामी राहील, आणि ती मी रिकामी ठेवली. तुला दिलेला शब्द कागदावर नव्हता म्हणून मोडायला सोपा गेला, असं मात्र समजू नकोस.

जानेवारीत तिला घेऊन येतो. मला काय बोलायचं ते बोल. पोरीला त्या नव्या टेबलावर बसवून एकदा जेवू घाल.

हे पत्र दोनदा वाचलं. मगच सही करतो आहे.

तुझा शब्द न पाळलेला भाऊ,
विजू